कॅश मिस मोजायच्यात? आधी तो फोल्डर उघडा

पहिल्यांदा कॅश मिस (म्हणजे हवा तो डेटा प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत न सापडणं) मोजायची वेळ आली, तेव्हा मी इंटेलच्या जाडजूड मॅन्युअलमध्ये दोन दिवस त्या घटनेचा कोड-आकडा शोधत बसले. तो आकडा माझ्याच मशीनवर एका ओळीच्या फाइलीत होता. लिनक्समध्ये मोजणी करणाऱ्या प्रत्येक हार्डवेअरला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एक फोल्डर देतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते.

नुसता आकडा बघायचा असेल तर 'पर्फ स्टॅट' ही कमांड पुरते. पण प्रोग्रॅममधला एखादाच लूप मोजायचा असेल, तर स्वतः काउंटर (प्रोसेसरमधला घटना मोजणारा मीटर) उघडावा लागतो.

आधी /सिस/बस/इव्हेंट_सोर्स/डिव्हाइसेस इथे जा. 'सीपीयू' नावाचा फोल्डर दिसेल. दोन जातींचे कोर असलेल्या नव्या इंटेलवर 'सीपीयू_कोर' आणि 'सीपीयू_अ‍ॅटम' असे दोन दिसतील. इंटेल-एएमडीवर यातलं काहीच नसेल तर ते मशीन बहुधा व्हर्च्युअल आहे आणि काउंटर पाहुण्यापर्यंत, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनपर्यंत, पोचू दिलेले नाहीत. भाड्याच्या एका सर्व्हरवर मी यापायी अख्खी संध्याकाळ स्वतःच्या कोडवर संशय घेत घालवली.

आत तीन गोष्टी वाचायच्या. 'टाइप' फाइलीत एक आकडा असतो. साध्या सीपीयूचा ४. 'इव्हेंट्स'मध्ये घटनांची नावं असतात. माझ्या इंटेलवर कॅश मिसच्या फाइलीत लिहिलंय: इव्हेंट हेक्स २ई, युमास्क (घटनेचा उपप्रकार) हेक्स ४१. हे कुठे बसवायचं ते 'फॉरमॅट' सांगतं: इव्हेंट कॉन्फिगच्या (कर्नलला द्यायच्या आकड्याच्या) ० ते ७ बिटांत, युमास्क ८ ते १५ मध्ये. म्हणजे कॉन्फिग झाला हेक्स ४१२ई. मॅन्युअलमध्ये मी शोधत होते तो हाच.

आता परवानगी. /प्रॉक/सिस/कर्नल मधली 'पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड' ही फाइल बघा. २ असेल तर स्वतःच्या प्रोग्रॅमचा युजर भाग मोजता येतो, १ असेल तर कर्नलमधलाही, ० असेल तर अख्खा सीपीयू. उबुंटू-डेबियनवर २ हून मोठा आकडा दिसतो आणि साध्या युजरला दार बंद असतं. स्वतःच्या लॅपटॉपवर तो खुशाल २ करा. चारजणांच्या मशीनवर मात्र तो आकडा उतरवू नका, कर्नल ५.८ पासून फक्त मोजणीपुरता 'कॅप_पर्फमॉन' हा वेगळा अधिकार आहे, तो मागा.

मग सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला घातलेली हाक): पर्फ_इव्हेंट_ओपन. जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये त्याचं तयार फंक्शन नाही, तेव्हा 'सिसकॉल' वापरूनच बोलवा. त्याला द्यायच्या रचनेत (स्ट्रक्टमध्ये) टाइप, साइझ, कॉन्फिग भरा. 'डिसेबल्ड' आणि 'एक्सक्लूड_कर्नल' १ ठेवा. पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ०, म्हणजे मी स्वतः. सीपीयू उणे १, म्हणजे कुठल्याही कोरवर. ग्रुपही उणे १, म्हणजे गट नाही. परत मिळतो साधा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलीचा क्रमांक). लूपच्या आधी त्यावर 'आयओसीटीएल' या कॉलने रीसेट आणि एनेबल, नंतर डिसेबल, आणि शेवटी 'रीड'.

मिळालेला आकडा पारखून घ्या. मी ८ बाइटच्या १,६७,७७,२१६ आकड्यांचा अ‍ॅरे घेते, म्हणजे १२८ एमबी. कॅशची एक ओळ ६४ बाइटची, म्हणून सरळ चालताना जेमतेम २१ लाख ओळी लागतात. मिस त्याच्या खूप वर गेल्या तर मोजणीत चूक आहे. तोच अ‍ॅरे पिसून, प्रत्येक घरात पुढच्या घराचा पत्ता ठेवून चाला. शेवटची कॅश १२८ एमबीपेक्षा बरीच लहान असेल तर आकडा कोटीकडे झेपावतो. दोन्ही आकडे अंदाजाला धरून आले की मगच मी खऱ्या कोडकडे वळते.

एक खाच आहे. काउंटर मोजकेच असतात; अनेक इंटेल कोरवर प्रत्येक थ्रेडला सर्वसाधारण चारच, आणि कर्नलचा एनएमआय वॉचडॉगही (अडकलेला कोर हुडकणारा पहारेकरी) एक अडवून बसतो. जास्त घटना मागितल्या की कर्नल पाळीपाळीने मोजतं. म्हणून रचनेतल्या रीड_फॉरमॅटमध्ये 'टाइम एनेबल्ड' (काउंटर चालू होता तो वेळ) आणि 'टाइम रनिंग' (खरंच मोजणी झाली तो वेळ) मागाच. दोन्ही सारखे नसतील, तर आलेला आकडा पहिल्याने गुणून दुसऱ्याने भागा. ते उत्तर अंदाज असतं. नेमकं हवं असेल तर घटना कमी करा. रनिंग ० आला तर त्या घटनेची पाळीच लागली नाही. तो 'शून्य मिस'चा पुरावा नव्हे.

वीज मोजायची असेल तर शेजारचा 'पॉवर' फोल्डर. त्याचा टाइप मशीनगणिक बदलतो, तेव्हा तो कोडमध्ये कोरू नका, दरवेळी फाइलीतून वाचा. इथे पीआयडी ० दिलात तर 'ईइनव्हॅल' (चुकीचं आर्ग्युमेंट) ही एरर मिळेल, कारण वीज अख्ख्या चिपची मोजली जाते, एका प्रोसेसची नाही. पीआयडी उणे १ आणि 'सीपीयूमास्क' फाइलीत लिहिलेला कोर द्या. यासाठी पॅरानॉइड ० किंवा वर सांगितलेला अधिकार लागतो. आलेल्या आकड्याला 'स्केल' फाइलीतल्या अपूर्णांकाने गुणा. माझ्या मशीनवर तो १ भागिले २ चा ३२ वा घात आहे; गुणाकार झाला की हातात ज्यूल येतात.