इंदूरच्या लोकल चॅनेलवर अँकर व्हायचंय? आधी कान तयार करा

इंदूरच्या लोकल बातम्या हिंदीत असतात. राजेंद्रनगर, सुदामानगर, रामबागेतल्या मराठी घरांतून या कामाकडे येणाऱ्या मुलामुलींनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी स्वीकारावी, पण तिला घाबरू नये. माधवराव सप्रे, बाबूराव विष्णू पराडकर, आपल्या इंदूरच्या 'नई दुनिया'चे राहुल बारपुते ही मराठी माणसंच होती आणि हिंदी पत्रकारितेत त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं.

लोकल अँकरचं काम एका बाबतीत दिल्लीच्या अँकरपेक्षा अवघड आहे. दिल्लीहून कुणी इथल्या मोहल्ल्याचं नाव चुकवलं तर लोक सोडून देतात. इथल्याच स्टुडिओतून ते चुकलं तर तो अख्खा मोहल्ला ऐकत असतो. म्हणून नावं, पदं, आकडे आणि उच्चार आधी. चेहरा, कपडे आणि कॅमेऱ्यासमोरचा धीटपणा नंतर.

उच्चार

मराठी जीभ सगळ्यात आधी 'ऐ' आणि 'औ'वर अडखळते. आपण 'पैसा' हा 'पइसा'सारखा म्हणतो, 'कौन' हा 'कउन'सारखा. माळव्याच्या बोलीत उलटं होतं: 'पेसा', 'केसे', 'है'चा 'हे'. इंदूरचं मराठी मूल घरातून पहिली सवय उचलतं आणि बाजारातून दुसरी, आणि बुलेटिनमध्ये दोन्ही चालत नाहीत. प्रमाण हिंदीत 'है'चा स्वर 'बॅट'मधल्या 'ॲ'च्या जवळ जातो आणि 'और'चा 'डॉक्टर'मधल्या 'ऑ'च्या. स्वर एकच, सलग, मध्ये न वळणारा.

दुसरी अडचण 'च' आणि 'ज'ची. 'चोरी', 'चाकू', 'जाँच' हे शब्द गुन्ह्याच्या प्रत्येक बातमीत येतात. मराठी 'चोर'मधला दंत्य 'च' तिथे आला की ऐकणाऱ्याचं लक्ष बातमीवरून उडून उच्चारावर जातं. हिंदीत 'च' नेहमी 'चहा'मधला. 'ज्ञापन' रोजचंच, कलेक्टर कार्यालयावर कुणी ना कुणी ते देतच असतं. ते 'ग्यापन' म्हणायचं, 'द्न्यापन' नव्हे. 'मृतक', 'कृषि', 'गृहमंत्री' यांत 'रि' येतो, 'रु' नाही. 'संवाददाता', 'संशोधन' म्हणताना 'सौं' करू नका, आणि 'सिंह'चं 'सिंव्ह' तर मुळीच नको.

नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, जपून वापरा. 'ज़िला', 'ज़मीन', 'फ़ैसला' बरोबर. पण सवय लागली की लोक 'फिर' आणि 'फल'सुद्धा दात ओठावर ठेवून म्हणायला लागतात. ही चूक नुक्ता विसरण्यापेक्षा जास्त खटकते.

लिंगाच्या चुका लिहिताना सुटतात आणि वाचताना उघड्या पडतात. हिंदीत 'व्यक्ति' पुल्लिंगी. 'विजय', 'देह', 'आत्मा' स्त्रीलिंगी. आकड्यांत ७९ आणि ८९ ही जोडी हमखास फसवते: ७९ 'उनासी', ८९ 'नवासी'. स्क्रिप्टमध्ये असा आकडा दिसला की तो अक्षरांत लिहून घ्या.

सराव रोज वीस मिनिटं, पण नेमानं. आकाशवाणीचं हिंदी बुलेटिन हेडफोनवर लावा. एक वाक्य ऐका, थांबवा, तसंच म्हणा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग दोन्ही लागोपाठ ऐका. एका दिवशी एकच दोष धरा, आज फक्त 'ऐ', उद्या फक्त 'च'. सगळं एकदम सुधारायला गेलं की वाचन ताठर होतं आणि आवाज उसना वाटायला लागतो.

नावांची वही

इंदूर महापालिकेचे ८५ वॉर्ड आहेत. त्यांची नावं, पोलीस ठाणी, आसपासची गावं (सांवेर, देपालपूर, गौतमपुरा, हातोद, मानपूर) आणि अधिकाऱ्यांची पदं एका वहीत ठेवा. बदली झाली की त्याच दिवशी नोंद बदला. डिसेंबर २०२१ पासून इंदूर शहरात पोलीस आयुक्त पद्धत आहे, त्यामुळे शहरातल्या झोनच्या बातमीत 'डीसीपी' येतो आणि ग्रामीण भागातल्या बातमीत 'एसपी'. जुन्या सवयीनं शहराच्या बातमीतही 'एसपी' म्हटलं जातं, आणि पोलीस लाइनीतला प्रत्येक माणूस ते टिपतो. एखाद्या आडनावाबद्दल शंका असेल तर असाइनमेंट डेस्कला, म्हणजे रिपोर्टरांना कामं वाटणाऱ्या टेबलाला, विचारा. बुलेटिनला पाच मिनिटं उरली असली तरी विचाराच.

स्वतः लिहायला शिका

लोकल चॅनेलवर वेगळा स्क्रिप्ट रायटर क्वचितच असतो. रिपोर्टर व्हॉट्सॲपवर चार ओळी, दोन बाइट (कुणाच्या बोलण्याचे तुकडे) आणि काही व्हिज्युअल पाठवतो आणि त्याचा एव्हीबी अँकरलाच करावा लागतो: आधी अँकर रीड, मग व्हीओ (चित्रांवर वाचलेला आवाज), मग बाइट. हिंदी वाचनाचा सोयीचा वेग मिनिटाला १४० शब्दांच्या आसपास असतो, म्हणजे ३० सेकंदांच्या व्हीओला ७० शब्द. ९० शब्द कोंबले की शेवटच्या वाक्यांवर धाप लागते आणि व्हिज्युअल आधी संपतं.

पाण्याची बातमी घ्या. महापालिकेच्या प्रेसनोटमध्ये साधारण असं येतं: 'जलूद स्थित पंपिंग स्टेशन पर आवश्यक संधारण कार्य किए जाने के फलस्वरूप जल प्रदाय प्रभावित रहेगा।' हे तसंच वाचलं तर घरातल्या बाईला उद्या पिंप भरून ठेवायचं की नाही ते कळत नाही. तेच असं लिहा: 'कल सुबह नल नहीं आएंगे। / जलूद में पंप की मरम्मत होगी। / इन इलाकों में टंकियां खाली रहेंगी।' आणि मग भागांची नावं, एका दमात तीनपेक्षा जास्त नाहीत. तिरक्या रेघेवर श्वास. ज्या शब्दावर जोर, त्याच्याखाली रेघ. एका वाक्यात एकच. इथे ती 'नहीं'खाली पडते.

प्रिंट काढून ही खुणांची कॉपी टेबलावर ठेवाच. प्रॉम्प्टर (कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर स्क्रिप्ट सरकवणारं यंत्र) अडकतो, वीज जाते, ऑपरेटर चुकून पुढची बातमी उघडतो. तुमचं बोट कागदावर चालू बातमीवर असेल तर नजर खाली नेऊन वाक्य पूर्ण करता येतं. कागदावरून वाचणारा अँकर वाईट दिसत नाही. प्रॉम्प्टरकडे टक लावून गप्प झालेला दिसतो.

स्टुडिओ

प्रॉम्प्टरची काच आणि तुमच्यात अडीच ते तीन मीटर अंतर हवं. लहान खोलीत कॅमेरा जवळ येतो आणि डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात. जागा वाढत नसेल तर अक्षर मोठं करून ओळ चार-पाच शब्दांची करून घ्या. वेग तुम्ही ठरवायचा, ऑपरेटर तुमच्यामागे येईल. तुम्ही त्याच्यामागे पळायला लागलात की वेग वाढतच जातो.

लेपल माइक, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माइक, हनुवटीपासून एक वीत खाली. मंगळसूत्र किंवा लांब माळ त्यावर आपटली की प्रत्येक हालचालीला टकटक ऐकू येते, म्हणून वाट्या ब्लाउजच्या आत किंवा बाजूला पिनेनं अडकवा. कडक रेशमाचा पदर माइकला घासतो. माइक पदराच्या वर लावा, खाली नको.

मागे हिरवा क्रोमा (ज्याच्या जागी संगणक दुसरं चित्र बसवतो तो पडदा) असेल तर पोपटी काठाची पैठणी आणि हिरव्या बांगड्या घरीच राहू द्या. संगणक तो रंग सरसकट पुसतो, आणि मनगटाच्या जागी मागचं राजवाड्याचं चित्र दिसायला लागतं. बारीक चौकडी आणि बारीक रेघा पडद्यावर लहरतात. पांढरा शुभ्र शर्ट लाइट खेचून चेहरा काळवंडवतो. निळा, मरून, राखाडी हे रंग सहसा दगा देत नाहीत. चष्म्यावर लाइट चमकत असेल तर काड्या कानामागे जराशा उचला, काच खाली झुकते आणि चमक जाते.

बुलेटिनच्या आधी तिखट शेव आणि कचोरी टाळा. आम्ल वर आलं की आवाज फाटतो. खाकरण्याऐवजी कोमट पाण्याचा घोट घ्या.

लाइव्ह आणि ब्रेकिंग

कानात पीसीआरचा (कंट्रोल रूमचा) टॉकबॅक, म्हणजे तिथून येणाऱ्या सूचना, सुरू असताना बोलत राहणं हे शिकावंच लागतं. घरी एका कानात रेडिओवरच्या गप्पा लावून मोठ्यानं पेपर वाचा. आठवडाभर शब्द अडखळतील, मग मेंदू दोन्ही वेगळं करायला लागतो.

रिपोर्टर लाइव्ह बॅगवरून येतो तेव्हा आवाज दोन-तीन सेकंद उशिरा पोचतो, कारण ही बॅग अनेक सिमकार्डांवरून तुकड्यातुकड्यांनी चित्र पाठवते. प्रश्न एकच, छोटा विचारा आणि थांबा. मध्येच 'हॅलो, आवाज आ रही है?' म्हटलं की ते त्याच्या उत्तरावर आदळतं आणि गोंधळ वाढतो. रिपोर्टरला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर तो अडखळतो; पीसीआरला त्याच्या कानातून त्याचाच आवाज काढायला सांगा. फोनोवर, म्हणजे फोनवरून जोडलेल्या माणसाशी बोलताना, घुमायला लागलं तर समोरच्याच्या घरात टीव्ही सुरू असतो. आधी तो बंद करून घ्या.

ब्रेकिंगमध्ये स्क्रिप्ट नसते. चार गोष्टी धरून ठेवा: काय झालं, कुठे, कधी, आणि हे कोण सांगतंय. नवीन माहिती येईपर्यंत याच चार गोष्टी शब्द बदलून सांगा. अंदाज नको. ३० मार्च २०२३ला रामनवमीच्या दिवशी बेलेश्वर महादेव मंदिरातल्या बावडीवरचं (पायऱ्यांच्या विहिरीवरचं) छत कोसळलं तेव्हा मृतांचा आकडा तासातासानं वाढत गेला आणि शेवटी ३६वर थांबला. अशा वेळी बाहेर उभी असलेली माणसं आपल्या घरच्यांचा शोध घेत तुमचंच चॅनेल बघत असतात. आकडा सांगताना दर वेळी कुणी दिला ते सांगा, 'अब तक' हे शब्द जोडा, आणि नाव प्रशासनानं जाहीर केल्याशिवाय उच्चारू नका.

कायद्याची चार कलमं

बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल पीडित असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ लागतं. लहान शहरात नाव गाळून भागत नाही: गल्ली, शाळा, वडिलांचं दुकान यांतलं एकही सांगितलं की ओळख पटते. बालगुन्हेगाराचंही तसंच, बाल न्याय कायदा कलम ७४. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६प्रमाणे टीव्हीवर प्रचाराचा मजकूर चालत नाही. रनडाउनमध्ये, म्हणजे बुलेटिनच्या बातम्यांच्या क्रमयादीत, चुकीचं काही दिसलं तर बुलेटिनआधी अडवा, कारण तोंडून ते तुमच्या निघतं.

शिरकाव आणि करार

देवी अहिल्या विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ. पदवीपेक्षा तिथलं स्टुडिओतलं काम मोलाचं, प्रवेश घेताना स्टुडिओ चालू आहे का ते स्वतः बघून या. मालवा हाउसमध्ये, म्हणजे आकाशवाणीत, तात्पुरत्या निवेदकांची आवाज चाचणी निघाली की जरूर द्या. कॅमेऱ्याशिवाय वाचायला शिकलेला माणूस कॅमेऱ्यासमोर शांत असतो. गणेशोत्सवातलं सूत्रसंचालन उपयोगी, पण मंचावरची लय बातमीत आणू नका.

शोरील, म्हणजे तुमच्या कामाच्या नमुन्यांची फीत, दोन ते तीन मिनिटांची पुरे: दोन अँकर रीड, एक पीटीसी (घटनास्थळावरून कॅमेऱ्याकडे बघून बोलणं), एक न थांबता बोललेला लाइव्ह. सगळ्यात चांगला तुकडा पहिला, कारण बघणारा बहुधा पहिल्या वीस सेकंदांतच मत बनवतो. संगीत, फिरती अक्षरं नकोत. ऑडिशनला न पाहिलेली कॉपी देतात. आधी नुसत्या नजरेनं नावं आणि आकडे शोधा, मग वाचा.

काही लहान चॅनेलं माइक आयडीसाठी (माइकवरच्या चॅनेलच्या लोगोसाठी) अनामत मागतात, किंवा महिन्याला ठरावीक रकमेच्या जाहिराती आणायला सांगतात. दोन्हींना नाही म्हणा. ज्या दुकानदाराकडून सकाळी जाहिरात घेतली, त्याच्या दुकानावरच्या छाप्याची बातमी संध्याकाळी सरळ आवाजात वाचता येत नाही. पगार, शिफ्टचे तास, रात्री घरी सोडायची गाडी आणि सोडताना किती दिवसांची सूचना, हे सगळं पहिल्या बुलेटिनच्या आधी लेखी घ्या.