लेझर उपचारानंतरचे १४ दिवस: पेशंटच्या खोलीतला उजेड कसा सांभाळायचा

माझा मुलगा टोकियोत, निशी-कासाईला राहतो. मेंदूतली ग्लायोमाची गाठ काढताना त्याला फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे औषध आणि लेझर मिळून करायचा उपचार, दिली. मेंदूतल्या अशा गाठींसाठी जपानमध्ये तिला २०१३ साली मान्यता मिळाली. मी सांगलीच्या शाळेत ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, म्हणून सूनबाईनं उजेडाचं खातं माझ्या गळ्यात घातलं. त्यात जे शिकले ते लिहिते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

कारण कळलं की पथ्याचा जाच वाटत नाही. टालापोर्फिन नावाचं औषध लेझरच्या २२ ते २६ तास आधी शिरेतून देतात. ते मुळात झाडांच्या हरितद्रव्यापासूनचं. गाठीच्या पेशींत ते जास्त साठतं. सर्जन गाठ काढतात आणि उरलेल्या खळग्याच्या भिंतीवर ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर टाकतात, एकेका जागी तीन मिनिटं. उजेडानं औषध जागं होतं, तिथल्या ऑक्सिजनला चेतवतं आणि तो पेशी मारतो. पण औषध कातडीतही उतरलेलं असतं, आणि त्याला लेझर काय नि ऊन काय! म्हणून दोन आठवडे थेट ऊन बंद, खोलीतला उजेड ५०० लक्सच्या आत (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड मोजायचं एकक).

५०० लक्स नजरेला कळत नाहीत. बाहुली लहानमोठी होते आणि डोळा फसवतो. लक्समीटर घ्याच. पहिल्या दिवशी मी तो टेबलावर ठेवला: १८०. खूश झाले. मग उशीपाशी, गालाच्या उंचीवर धरून खिडकीकडे वळवला, तर ९४०! पडद्याच्या कडेला दोन बोटांची फट होती. जाड पडदा लावून कडा चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवल्या, तेव्हा ६० वर आला. ऊन सरकतं, त्यामुळे सकाळी-दुपारी दोन्ही वेळा मोजा, आणि पेशंटच्या चेहऱ्यापाशीच मोजा.

मिट्ट काळोख मात्र करू नका. ऑपरेशननंतर उठताना तोल जातो. छतावरचा दिवा आमच्याकडे २०० दाखवायचा, तो चालूच ठेवला. फोन तोंडासमोर धरूनही शंभरच्या आत. वाचायचा टेबललॅम्प वीतभरावरून १,२०० निघाला. तो माळ्यावर गेला.

सनस्क्रीनवर विसंबू नका. ते अतिनील किरण अडवतं, हे औषध दिसणाऱ्या उजेडानं पेटतं. खोलीबाहेर जाताना पूर्ण बाह्या, टोपी, हातमोजे, काळा चष्मा. घरी आणलं तेही सूर्य मावळल्यावर, टॅक्सीनं.

एक गंमत: बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरचा लाल दिवा ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, म्हणजे लेझरचा सख्खा शेजारीच. नर्स क्लिप दर थोड्या वेळानं दुसऱ्या बोटाला का लावते, ते मला तेव्हा कळलं.

दोन आठवडे झाले की डॉक्टरांच्या सांगण्यावरून चाचणी घ्यायची: हात पाच मिनिटं थेट उन्हात. लाली किंवा फोड आला, तर आणखी आठवडाभर तेच पथ्य. आम्ही बाल्कनीचं दार हातापुरतं उघडलं. तिसऱ्या मिनिटाला ढग आला, म्हणून ऊन आल्यावर घड्याळ पुन्हा शून्यावरून लावलं. मुलगा म्हणाला, "आई, इथेही प्रॅक्टिकलच का?" हात आहे तसाच राहिला. मी चिकटपट्टी सोडवायला घेतली.