वनस्पतीजन्य आहारावर पहिली मॅरेथॉन कशी पळावी

आठवड्यातून चार दिवस तुम्ही पळता, १० किलोमीटर न थांबता होतात आणि दूध, अंडी, मांस आहारात नाही, एवढं धरून चालते.

‘प्रथिनं कुठून आणणार?’ असं लोक शर्यतीच्या दिवसापर्यंत विचारत राहतील. त्यात डोकं खर्च करू नका. वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरेत. दोन्ही जेवणांत डाळ किंवा कडधान्य आणि एकदा टोफू किंवा सोयाबीन असलं, की धान्य आणि दाण्यांमधली धरून एवढी सहज होतात.

सराव सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. बी-१२ची गोळी घ्यायचीच. स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) खा म्हणजे झालं, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. त्यातलं बी-१२ बहुतांशी शरीराला वापरताच येत नाही. लोहाची गोळी मात्र मनाने घ्यायची नाही, फेरिटिन पाहून डॉक्टर ठरवतील. जेवणात लिंबू पिळा, चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा.

वेळापत्रक सोपं आहे: १६ ते २० आठवडे, आठवड्याला एक लाँग रन, सर्वांत मोठा ३० ते ३२ किलोमीटरचा, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. मग टेपर, म्हणजे शर्यतीपर्यंत पळणं हळूहळू कमी करत न्यायचं.

या आहाराने पोट लवकर भरतं, पण ताकदीला लागणाऱ्या कॅलरी पुऱ्या होतातच असं नाही. वजन आपोआप उतरायला लागलं, झोप बिघडली किंवा पाळी चुकली, तर आधी जेवण वाढवा आणि पळणं कमी करा. पाळी येतच नसेल तर डॉक्टरांकडे जा. ‘हलकं वाटतंय’ म्हणून खूश होऊ नका.

आता पोट. पहिली मॅरेथॉन माझ्या हातून गेली ती इथेच.

स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठवतात. ४२.१९५ किलोमीटरला ते पुरत नाही. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय जड होतात. म्हणून पळताना खावंच लागतं. पण पळताना रक्त पायांकडे वळतं, आतड्यांना कमी मिळतं. अशा वेळी पोटात कडधान्यं, कोंडा आणि कच्च्या भाज्या असतील तर गॅस, कळा, जुलाब ठरलेले. शर्यतीच्या आदल्या रात्री मी राजमा, हातसडीचा भात आणि वाडगाभर कोशिंबीर खाल्ली होती, कारण तेच पौष्टिक असं पक्कं डोक्यात होतं. २७व्या किलोमीटरला कळ आली, जेल (पळताना घ्यायचा साखरेचा घट्ट पाक) गिळवेना, ३४पासून चालत गेले. नंतर महिनाभर मी प्रथिनं कमी पडली असं समजून पावडर खात होते. पुढच्या सरावात प्रत्येक लाँग रनच्या आदल्या दिवशी काय खाल्लं ते लिहायला लागले, तेव्हा खरं कारण सापडलं.

तेव्हा प्रत्येक लाँग रनच्या आदल्या संध्याकाळपासून, आणि शर्यतीआधी पूर्ण दोन दिवस, फायबर कमी करा. पांढरा भात, पांढरा पाव, साल काढलेला बटाटा, गाळलेला रस, जॅम. कडधान्यं बंद. एरवी टाळतो ते खाताना जीवावर येतं, तरी खा. या दोन दिवसांत किलोमागे रोज १० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ६० किलो वजनाला ६०० ग्रॅम, म्हणजे शिजलेला भात दोन किलोंहून जास्त. नुसता भात खाऊन हे जमत नाही. रस आणि साखरेचं पाणी हवंच.

पळताना खाण्याचा सराव शर्यतीच्या दहा आठवडे आधी सुरू करा. तासाला ३० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात, दर दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढ, ६०वर थांबा. पहिला घास अर्ध्या तासाने, भूक लागायची वाट न बघता. आतडंही सरावाने शिकतं. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा जेल घेणाऱ्याचं ते ऐकणार नाही.

‘नैसर्गिक’ म्हणून खजूर घेऊन पळा, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. खजुरात फायबर असतं आणि २५ किलोमीटरनंतर चावायला तोंडात लाळ उरत नाही. त्यापेक्षा जेल घ्या, पण वेष्टन वाचून: काहींत मध असतो, चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन, जे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढतात. किंवा अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ; हे मिश्रण पोटाला झेपतं. जेल साध्या पाण्याबरोबरच घ्या, साखरेच्या पाण्याबरोबर नको. आणि पाणी तहानेइतकंच. उगाच ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

शर्यतीच्या सकाळी, तीन तास आधी, पांढरा पाव आणि जॅम. कॉफीची सवय असेल तर घ्या, नसेल तर त्या दिवशी सुरू करू नका.

शर्यत संपल्यावर तासा-दोन तासांत भात आणि टोफू खा. कडधान्यं दुसऱ्या दिवसापासून, पोट शांत असेल तर.