पोकरमध्ये करिअर करायचंय? आधी डीलरच्या खुर्चीत बसा

सोलापुरातून कुणी ना कुणी पोरगा मला अधूनमधून फोन करतो. "सर, पोकर शिकायचंय. महिन्याला किती सुटतात?" इंजिनिअरिंग झालेला असतो, नोकरी मनासारखी नसते, आणि मोबाइलवर कुणीतरी लाखांचं बक्षीस उचललेलं त्यानं पाहिलेलं असतं. मी अनेक वर्षं हा खेळ खेळलो. नंतर स्पर्धा भरवणं, टेबलं चालवणं, वाद मिटवणं हेच माझं मुख्य काम झालं. या कामाला टूर्नामेंट डायरेक्टर म्हणतात, टेबलावर सगळे नुसतं 'टीडी' म्हणतात. पोरांना माझं उत्तर एकच असतं: खेळाडू व्हायचं ते नंतर बघू, आधी पत्ते वाटायला शिक, म्हणजे डीलर हो.

हे उत्तर मी दहा वर्षांपूर्वी इतक्या ठामपणे दिलं नसतं. तेव्हा गावातल्या मुलासाठी एक शिडी होती. ऑनलाइन पन्नास-शंभर रुपयांच्या स्पर्धा खेळायच्या, हजारो डाव डोळ्यांखालून घालायचे, जमायला लागलं की वरच्या टेबलावर जायचं. ती शिडी आता नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही होऊन ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच त्या कायद्यानं ठेवला नाही. कंपन्यांनी पैशांची टेबलं लगेच उतरवली. आज कुणी व्हीपीएन लावून किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर खेळवतो म्हणाला, तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. पैसे अडकले तर तक्रार करायला दार नाही.

आता सोलापुरातच खेळवायचं म्हटलं तर? आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली म्हटलं. पोकरचं मात्र देशभर एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यानं पोकरला जुगारातून वगळलंय, तर गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये नेमकं उलट मत दिलं. अशा स्थितीत फ्लॅटवर किंवा शेतातल्या बंगल्यावर टेबल लावून प्रत्येक डावातून 'नाल', म्हणजे टेबल चालवणाऱ्याचा वाटा, काढायची, हा धंदा कुणी कितीही सोपा करून सांगितला तरी करू नका. धाड पडते तेव्हा पोलिसांसमोर कौशल्याचा युक्तिवाद चालत नाही, तो पुढे कोर्टात चालतो, आणि तोवर पेपरात नाव आलेलं असतं. महाराष्ट्रात कॅसिनोसाठी १९७६ चा एक कायदा होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. म्हणजे आपल्याला जवळचं आणि कायदेशीर ठिकाण उरतं गोवा. तिथं पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतल्या जहाजांवर परवाने आहेत, वयाची अट २१ वर्षं. जून २०२५ पासून सोलापूर-गोवा विमानही सुरू झालं. त्याआधी आम्हाला बसच्या प्रवासात अख्खी रात्र जायची.

खेळाडू म्हणून सुरुवात नको असं मी का म्हणतो, ते आकड्यांनीच पटेल. स्पर्धेत साधारण दहा ते पंधरा टक्के लोकांनाच बक्षीस मिळतं आणि त्यातही मोठा वाटा पहिल्या तिघांचा. चांगला खेळाडूसुद्धा महिनोन् महिने कोरडा जातो, त्याच्या खेळात काही खोट नसताना. म्हणून जाणकार सांगतात की स्पर्धांसाठी निदान शंभर प्रवेश फींइतकी रक्कम बाजूला हवी. दहा हजारांची स्पर्धा खेळणार असाल तर दहा लाख, आणि हे दहा लाख घरखर्चाचे नाहीत, बहिणीच्या लग्नाचे नाहीत, उसने तर नाहीतच. वर प्रवास आणि राहणं. जिंकलात तर ३० टक्के आयकर, आणि हरलेल्या स्पर्धांची वजावट मिळत नाही. हा शेवटचा मुद्दा नव्या मुलांना कुणी सांगतच नाही. वर्षभराचा हिशेब तोट्यात असला तरी एका जिंकलेल्या स्पर्धेवरचा कर भरावाच लागतो.

ख्रिस मनीमेकर या अमेरिकी अकाउंटंटची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. २००३ साली ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून तो वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि ८३९ जणांतून पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. आपल्याकडच्या निपुण जावानं २०१७ मध्ये त्याच मालिकेत दोन ब्रेसलेट (तिथं विजेत्याला मिळणारं कडं) जिंकली, २०१८ मध्ये निकिता लूथरनं एक जिंकलं. मला या सगळ्यांबद्दल मनापासून आदर आहे. पण करिअरचा विचार करताना त्या ८३९ मधल्या बाकीच्यांचा हिशेबही मांडायला हवा. त्या हॉलमध्ये त्या दिवसांत ठरलेली मजुरी घेऊन रोज घरी जाणारी माणसं वेगळीच होती, आणि ती पत्ते वाटत होती.

खेळाचा अभ्यास मात्र डीलरलाही चुकत नाही. एक उदाहरण देतो. टेबलावर चार पत्ते उघडे आहेत, तुमच्या हातात दोन बदाम, टेबलावर दोन बदाम. आणखी एक बदाम आला तर फ्लश, म्हणजे पाचही पत्ते बदामाचे. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ३,००० आहेत, समोरच्यानं १,५०० लावले. तुम्ही १,५०० घालून एकूण ६,००० च्या पॉटसाठी खेळणार, म्हणजे चारातून एकदा तरी जिंकायला हवं. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. हे झाले वीस टक्क्यांच्या आत. पुढच्या फेरीत त्याच्याकडून आणखी चिप्स (पैशांच्या जागी लावायच्या चकत्या) निघतील अशी खात्री नसेल तर पत्ते टाकायचे. हा हिशेब बोट न मोडता, चेहरा न बदलता, काही सेकंदांत व्हायला हवा. एमआयटीनं २०१५ मध्ये शिकवलेला पोकरच्या गणिताचा छोटा अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. बारावीचं प्रोबॅबिलिटी ज्याला आवडलं त्यानं तो जरूर बघावा.

आता खुर्चीचं काम. नव्या माणसाला वाटतं, पत्ते पिसायचे आणि वाटायचे, त्यात काय? आपण गणपतीत रात्रभर खेळलेलो असतो. पण आपलं घरचं पिसणं इथं पहिल्याच मिनिटाला थांबवतात, कारण पत्ते हातात उचलून पिसले की खालचा पत्ता दिसतो. इथं पत्ते टेबलाला टेकलेलेच राहतात. दोन वेळा रिफल, म्हणजे गड्डीचे दोन भाग एकमेकांत फरफर मिसळणं, मग थर काढून वरखाली, पुन्हा रिफल, मग कट, खाली तळाचा पत्ता झाकणारं कट-कार्ड. वाटताना पत्ता उडता कामा नये, तो नमद्यावरून सरकत जाऊन माणसाच्या पुढ्यात थांबला पाहिजे. मनगट दुखतं. पहिले काही आठवडे सगळ्यांचंच दुखतं.

खरी परीक्षा साइड पॉटची. तिघं ऑल-इन झालेत, म्हणजे जवळच्या सगळ्या चिप्स लावून बसलेत, एकाकडे ५,०००, दुसऱ्याकडे १२,०००, तिसऱ्याकडे २०,०००. डीलरनं सर्वांत लहान स्टॅकपासून, म्हणजे चिप्सच्या साठ्यापासून, सुरू करायचं. प्रत्येकाचे ५,००० मध्ये ओढले, १५,००० चा मुख्य पॉट झाला, त्यात तिघांचा हक्क. उरलेल्या दोघांचे सात-सात हजार, १४,००० चा साइड पॉट, त्यात दोघांचाच हक्क. तिसऱ्याचे ८,००० त्याला परत. पत्ते उघडल्यावर आधी साइड पॉटचा निकाल, मग मुख्य पॉटचा. हे तिघंही उभे राहून ओरडत असताना करायचं असतं. मी शिकाऊ मुलांना रंगीत बटणं देऊन हाच डाव पुन्हापुन्हा मांडायला लावतो, सहा जण ऑल-इन होईपर्यंत वाढवत नेतो. ज्याला यात गोडी वाटते तो या कामात टिकतो, असा माझा अनुभव आहे.

नियमांचं म्हणाल तर टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही संस्था २००१ साली अमेरिकेत सुरू झाली. तिचे नियम आज जगभर बहुतेक स्पर्धांत चालतात आणि ते मोफत वाचता येतात. त्यातला एक नवख्यांना हमखास भोवतो. ब्लाइंड, म्हणजे डाव सुरू होण्याआधी दोघांनी सक्तीनं लावायच्या रकमा, १००-२०० चालू आहेत; त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड. खेळाडू काही न बोलता १,००० ची एकच चिप पुढे टाकतो. त्याच्या मनात रेज, म्हणजे रक्कम वाढवणं, असतं. नियमानं तो फक्त २०० चा कॉल, म्हणजे बरोबरी, ठरतो, उरलेले ८०० परत. माणूस चिडतो, "अहो, मी कशाला हजाराची चिप टाकीन?" म्हणतो. टीडीनं आवाज न चढवता नियम सांगायचा आणि डाव पुढे न्यायचा. तो माणूस नवखा असो की त्या हॉलमधला सर्वांत मोठा खेळाडू, निकाल तोच. मोठ्या माणसासाठी एकदा वाकलात की बाकीच्या आठ जणांनी ते पाहिलेलं असतं, आणि पुढच्या स्पर्धेला ते आठ जण येत नाहीत.

सोलापूरच्या पोरांकडे इथं एक भांडवल आहे, ते त्यांना स्वतःला ठाऊक नसतं. आपल्याकडे पूर्व भागात वाढलेला मुलगा तेलुगू बोलतो, अक्कलकोटकडचा कन्नड बोलतो, मराठी-हिंदी सगळ्यांनाच येते. गोव्याच्या टेबलांवर हैदराबाद, बेंगळुरू, मुंबईचे खेळाडू शेजारी शेजारी बसलेले असतात. नावनोंदणीच्या काउंटरवर, ब्रेकमध्ये, चिडलेल्या माणसाला समजावताना ही भाषा सोन्यासारखी उपयोगी पडते. मात्र डाव चालू असताना टेबलावर ठरलेली एकच भाषा. ओळखीच्या माणसाशी तेलुगूत एक शब्द बोललात तरी बाकीच्यांना शंका येते, आणि ती रास्त असते.

दोन-तीन वर्षं खुर्चीत काढली की फ्लोअरवर, म्हणजे टेबलांवर देखरेख करायला, बोलावतात, आणि तिथून आयोजनाकडे वाट जाते. आयोजकाचं निम्मं काम स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात कागदावर झालेलं असतं. समजा ६० खेळाडू, प्रत्येकाला २०,००० चिप्स. एकूण १२ लाख चिप्स टेबलांवर. अनुभव असा की एकूण चिप्स वीस-तीस बिग ब्लाइंडइतक्या उरल्या की स्पर्धा संपायला येते, म्हणजे बिग ब्लाइंड चाळीस-साठ हजारांच्या घरात असताना. २०० पासून तिथवर बेताच्या पायऱ्यांनी जायला बावीसेक लेव्हल, म्हणजे ब्लाइंड वाढण्याचे टप्पे, लागतात. वीस मिनिटांची लेव्हल धरली तर सव्वासात-साडेसात तास, ब्रेक धरून दुपारी बाराची स्पर्धा रात्री साडेआठ-नऊला उरकते. अर्ध्या तासाची लेव्हल ठेवलीत तर मध्यरात्र. हे गणित न करता पत्रक छापणारे आयोजक मी पाहिलेत. मग ते मध्येच लेव्हल छोट्या करतात आणि ज्यानं संयमानं स्टॅक जपला त्याच्यावर अन्याय होतो.

गॅरंटीबद्दल कळकळीनं सांगतो. 'दहा लाखांची गॅरंटी' म्हणजे माणसं कमी आली तरी आयोजकानं पदरचे घालून दहा लाख पुरे करायचे. एका आयोजकाकडे मी खेळायला गेलो होतो, माणसं कमी आली, आणि दुपारच्या ब्रेकनंतर फलकावरचा आकडा बदललेला. कुणी समोर येऊन कारण सांगितलं नाही. खेळाडूंना पैशांपेक्षा ते लपवणं जास्त लागलं. झेपेल तेवढीच गॅरंटी लावा. फीमधला किती भाग बक्षिसात आणि किती खर्चाला, हे पत्रकावर ठळक लिहा. बबलवर, म्हणजे आणखी एक जण बाद झाला की बाकी सगळ्यांना बक्षीस, अशा वेळी सगळ्या टेबलांवर एकेकच डाव एकदम सुरू करा, नाहीतर लहान स्टॅकवाले मुद्दाम वेळ काढतात. सर्वांत लहान चिप्स खेळातून काढताना त्या बदलण्याच्या भरात कुणी स्पर्धेबाहेर पडता कामा नये, हाही नियमच आहे.

याचा सराव सोलापुरात करता येतो, आणि एक रुपया न लावता. मित्रांना जमवा, चिप्स फक्त गुण म्हणून द्या, फी नाही, बक्षीस म्हणून साधी ट्रॉफी. घड्याळ लावा, माणसं कमी होतील तशी टेबलं बंद करा, उरलेली दुसऱ्या टेबलावर हलवा, वाद होऊ द्या आणि निकाल लिहून ठेवा. शहरात बुद्धिबळाच्या स्पर्धा होत असतात, तिथं पंचांच्या हाताखाली स्वयंसेवक म्हणून उभे राहा. जोड्या कशा लावतात, हरकत कशी नोंदवतात, हे तिथं जितकं शिस्तीत शिकायला मिळतं तितकं पोकरमध्येही मिळत नाही. ब्रिजही शिका. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये भारताला सुवर्ण मिळवून दिलं. घरात पत्त्यांचं नाव काढायची चोरी असेल तर ही गोष्ट वडिलांना सांगता येते.

घरच्यांचा प्रश्न मी हलका मानत नाही. एका मुलाच्या आईनं मला विचारलं, "दादा, तुम्ही त्याला कामाला लावताय की नादाला?" मी त्यांना सांगितलं, "ताई, त्याचा पगार बँकेत येईल आणि तो बघायचा हक्क तुमचा." सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या कॅसिनोत जाऊन स्वतःचा पगार उधळणारे डीलर असतात. हप्ता भरायला जिंकायची गरज वाटू लागली, हरलेले पैसे 'काढायचे' म्हणून पुन्हा बसावंसं वाटू लागलं, घरी आकडा खोटा सांगावा लागला, यातलं एक जरी झालं तरी ते काम सोडून गावी या. इथं मी कुणाला दुसरी संधी घे म्हणत नाही.

डीलरच्या मुलाखतीला जाताना नखं कापलेली असू द्या, हातात अंगठी नको, मनगटावर घड्याळ-दोरे नकोत. तिथं आधी पिसायला लावतात, मग चिप्सचा ढीग देऊन मोजायला. वीस-वीसच्या चळती लावून, हात सगळ्यांना दिसेल असा ठेवून मोजा. नंतर साइड पॉट मांडायला देतात. अडलात तर तोंडानं एकेक पायरी मोठ्यानं बोलत मांडा, कारण परीक्षक उत्तराइतकीच तुमची पद्धत बघत असतो. ट्रेनिंगच्या काळात पगार मिळतो का, राहण्याची सोय कुणाची, टीप एकत्र करून वाटतात की ज्याची त्याला, आणि मध्येच सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च कापतात का, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या आणि सही करण्याआधी उत्तरं लेखी मागा.