‘ओपन द लाइट’ का म्हणतात?

चिनी विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवत असाल तर ‘ओपन द लाइट’ हे वाक्य आज ना उद्या ऐकू येणारच. हसू नका. मँडरिनमध्ये ‘खाय’ या एकाच क्रियापदात दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं, मीटिंग घेणं, एवढंच काय, ऑपरेशन करणंसुद्धा बसतं. (‘खाय’ ऐकून आपल्याला भूक लागते, तो भाग वेगळा.) शब्दकोशात पहिला अर्थ ‘ओपन’ दिसला की विद्यार्थी तोच सगळीकडे चिकटवतो.

नुसतं ‘चूक’ म्हणून भागत नाही, जोड्या पाठ करून घ्या. दार, डबा, पुस्तक, फाइल, बँकेतलं खातं यांना ओपन, दिवा, टीव्ही, एसी यांना टर्न ऑन, गाडीला ड्राइव्ह, मीटिंगला हॅव किंवा होल्ड. फोन चालू करायचा तर टर्न ऑन, पण त्यातलं ॲप मात्र ओपन. इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून हातात फोन घेऊनच दाखवा.

उलट बाजूला ‘क्वान’ आहे, म्हणजे अगदी आपलं ‘बंद कर’. दारही बंद, पंखाही बंद. त्यामुळे ‘क्लोज द फॅन’ म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत!

आणखी एक खोच: दुकान उघडं आहे हे सांगताना ‘द शॉप इज ओपन’, ‘ओपन्ड’ नाही. पण बंद असेल तर ‘क्लोज्ड’च, ‘क्लोज’ नाही. ही जोडी विषम आहे, त्यामुळे चांगले विद्यार्थीही इथे अडखळतात.