रॅट कॉलनीचा कमांडर डेक: उंदीर किती भरायचे आणि मॅरो-नॉअर कधी टॅप करायचा

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या गेममध्ये उंदरांचा डेक (खेळायच्या कार्डांचा गठ्ठा) लावायला बसलं की हात आपोआप उंदरांकडेच जातो, चाळीस भरा, पंचेचाळीस भरा, मजा येईल. माझा पहिला डेक असाच होता, ४२ उंदीर, आणि दर गेमला तेच व्हायचं, पाचव्या सहाव्या टर्नला सगळं टेबल माझ्याकडे घाबरून बघायचं, मग कोणीतरी बोर्ड वाइप (टेबलावरची सगळी क्रीचर, म्हणजे लढणारी कार्डं, एकदम मारणारं कार्ड) टाकायचं आणि पुढचा तासभर मी दर टर्नला एक कार्ड उचलून एक उंदीर खाली ठेवत बसायचो. तो डेक मी चार वेळा मोडून पुन्हा लावलाय. आता माझा आकडा २८ वर पक्का झालाय आणि तो का, ते खाली सांगतो.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय हा डेक कळत नाही. उंदीर या गेममध्ये पहिल्या दिवसापासून आहेत, १९९३ च्या पहिल्या सेटमध्येच प्लेग रॅट्स होतं, जितकी प्लेग रॅट्स बोर्डवर तितकी प्रत्येकाची ताकद. तेव्हा एका नावाची चारच कार्डं घ्यायची हा नियम नव्हता, त्यामुळे लोक खोऱ्याने भरायचे. मग चारची मर्यादा आली आणि ते संपलं. २००४ मध्ये फिफ्थ डॉन सेटमध्ये रिलेन्टलेस रॅट्स आलं, त्यावर सरळ लिहिलंय की हे कार्ड डेकमध्ये कितीही घ्या. २०१८ ला डॉमिनेरियामध्ये रॅट कॉलनी आलं, तेही तसंच. कमांडर या खेळायच्या प्रकारात १०० कार्डं असतात, त्यातलं एक डेकचा म्होरक्या म्हणजे कमांडर, आणि बेसिक लँड (माना, म्हणजे कार्डं टाकायचा खर्च, देणारी साधी कार्डं) सोडून प्रत्येक कार्ड एकच घ्यायचं असतं, पण ही दोन्ही कार्डं तो नियम ओलांडतात. आपला अख्खा डेक या एका ओळीवर उभा आहे.

दोघांतलं कुठलं घ्यायचं? रॅट कॉलनी. रिलेन्टलेस रॅट्सला तीन माना लागतात, कॉलनीला दोनच. रिलेन्टलेस फक्त स्वतःच्या नावाची कार्डं मोजतं, पण कॉलनी तुमच्याकडचा कुठलाही उंदीर मोजतं, टोकनसुद्धा (दुसऱ्या कार्डाने तयार केलेली क्रीचर), नेझुमी उंदीरमाणसंसुद्धा, कमांडर उंदीर असेल तर तोही. तोटा एवढाच की कॉलनीची टफनेस (किती मार सोसते ते) कायम १ राहते, रिलेन्टलेसची मात्र वाढते. मला तो तोटा चालतो, कारण आपण ब्लॉक करायला बसलेलोच नाही. आणि दोन्ही अर्धी अर्धी मिसळू नका प्लीज, पुढे थ्रमिंग स्टोनपाशी कारण कळेल.

कमांडर मॅरो-नॉअर घ्या. पाच माना, काळा, स्वतः उंदीर. तो बोर्डवर असला की सगळ्या उंदरांना फिअर मिळतं, म्हणजे समोरच्याकडे काळा किंवा आर्टिफॅक्ट (वस्तूच्या प्रकारचा) क्रीचर नसेल तर ब्लॉकच करता येत नाही. शिवाय त्याला टॅप करून (कार्ड आडवं करून) एक उंदीर सॅक्रिफाइस केला (बळी दिला) की जितके उंदीर उरलेत तितकी नवीन १/१ (ताकद १, टफनेस १) टोकन येतात. बाकी पर्यायही चांगले आहेत. २०२३ चा करुमॉनिक्स उंदरांना टॉक्सिक देतो आणि विषाचे दहा काउंटर झाले की समोरच्याचं लाइफ ४० असो नाहीतर १४०, तो बाद. २०२४ च्या ब्लूमबरोमधला व्रेन निळा-काळा आहे, समोरच्याची क्रीचर मेली की तो त्यातून उंदीर काढतो, पण तो वेगळ्याच स्वभावाचा डेक आहे, त्यात २८ कॉलनीची गरज नाही.

आता हिशोब. कमांडर एक, लँड ३५ आणि त्यातले ३० तरी स्वॅम्प (काळी माना देणारी लँड), रॅट कॉलनी २८, दुसरे उंदीर ८, कार्ड ड्रॉ (जास्तीची कार्डं उचलून देणारी) १०, माना वाढवणारी किंवा खर्च कमी करणारी ६, समोरच्याचं काही मारायला ६, आणि राहिलेली ६ बचावासाठी आणि गेम संपवायला. झाली १००.

ड्रॉची १० जागा कोणी कितीही सांगितलं तरी कमी करू नका. उंदीर स्वस्त असतात, चौथ्या पाचव्या टर्नला हात रिकामा होतो, आणि रिकाम्या हाताचा उंदीर डेक म्हणजे एक वाइप आणि घरी. स्कलक्लॅम्प आधी मिळवा. एक मानाला इक्विप होतं, एक टफनेसच्या उंदराला लावलं की तो मरतो आणि दोन कार्डं मिळतात, म्हणजे तुमचं प्रत्येक टोकन आणि प्रत्येक कॉलनी हवी तेव्हा दोन कार्डं होऊ शकते. मग व्हँक्विशर्स बॅनर, त्यात रॅट नाव घ्यायचं, प्रत्येक उंदीर कास्ट केला (माना देऊन टाकला) की एक कार्ड, वर सगळ्यांना +१/+१. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, बॅनर आल्यावर उंदरांची टफनेस २ होते, मग नुसतं स्कलक्लॅम्प लावून ते मरत नाहीत, त्यामुळे मी बॅनर टाकायच्या आधी क्लॅम्पमधून जेवढं काढायचं तेवढं काढून घेतो. हेरल्ड्स हॉर्नही घ्या, उंदीर एक मानाने स्वस्त होतात आणि अपकीपला (टर्नच्या सुरुवातीला) डेकचं वरचं कार्ड उंदीर निघालं तर हातात येतं. बाकी साइन इन ब्लड, नाइट्स व्हिस्पर, व्हिलेज राइट्स, फायरेक्सियन अरीना, ही जुनी भरवशाची मंडळी. बोन्टूज मॉन्युमेंट पण विसरू नका, काळी क्रीचर एक मानाने स्वस्त आणि प्रत्येक क्रीचर कास्ट केल्यावर सगळ्या विरोधकांचं एक लाइफ जातं आणि तुमचं एक वाढतं. दोन मानाचा उंदीर एका स्वॅम्पमध्ये यायला लागला की टेबलाचा रंग बदलतो.

मॅरो-नॉअर कधी टॅप करायचा, इथे सगळ्यात जास्त गेम वाया जातात. लोक स्वतःच्या मेन फेजमध्ये टॅप करतात, टोकन येतात, ती त्या टर्नला अटॅक करू शकत नाहीत, आणि मग तीन जण आरामात वाइप शोधत बसतात. असं करू नका. तुमच्या आधीच्या खेळाडूची टर्न संपत आली की तेव्हा टॅप करा. टोकन तेव्हा येतील, लगेच तुमची टर्न, मॅरो-नॉअर अनटॅप, आणि सगळी टोकन अटॅकला तयार.

उदाहरणच घ्या. तुमच्याकडे मॅरो-नॉअर आणि चार रॅट कॉलनी आहेत. शेजाऱ्याच्या एंड स्टेपला एक कॉलनी सॅक्रिफाइस केली, उरले चार उंदीर, चार टोकन आली, झाले आठ. तुमच्या टर्नला तीन कॉलनी आणि चार टोकन घेऊन एकाच माणसावर अटॅक. फिअर असल्यामुळे बहुतेक वेळा ब्लॉक नाही. आता डॅमेजच्या आधी मॅरो-नॉअर पुन्हा टॅप करा, अटॅकमधलंच एक टोकन सॅक्रिफाइस, उरले सात, सात नवीन आले, झाले चौदा. नवीन सात अटॅकमध्ये नाहीत पण कॉलनी त्यांनाही मोजते, म्हणजे प्रत्येक कॉलनी आता १५ ची. तीन कॉलनीचे ४५ आणि उरलेल्या तीन टोकनचे ३, एकूण ४८. चाळीस लाइफचा माणूस एका अटॅकमध्ये गेला आणि सुरुवात फक्त चार कॉलनींपासून होती.

सूत्र असं की आधी मॅरो-नॉअर धरून जितके उंदीर, त्यातून एक वजा करून दुप्पट. दोन असतील तर दोनच राहतात, तीनचे चार, चारचे सहा, म्हणून तीनच्या खाली टॅप करण्यात अर्थ नाही. एक अडचण, मॅरो-नॉअर ज्या टर्नला येतो त्यानंतर तुमची पुढची टर्न सुरू होईपर्यंत तो टॅप होत नाही. म्हणून लाइटनिंग ग्रीव्हज किंवा स्विफ्टफूट बूट्स ठेवा, हेस्ट मिळालं की ती वाट बघायला लागत नाही. आणि कोणी मॅरो-नॉअरला मारायला स्पेल टाकलं आणि तो टॅप करता येत असेल तर उत्तरात त्याचीच सॅक्रिफाइस द्या, तो पण उंदीरच आहे, बाकी उंदीर दुप्पट होतात आणि समोरच्याचं स्पेल फुकट जातं. पुढच्या वेळी तो दोन मानाने महाग येईल, चालतं.

थॉर्नबाइट स्टाफ लावला तर कुठलीही क्रीचर मेली की मॅरो-नॉअर अनटॅप होतो, म्हणजे किमान तीन उंदीर असतील तर अमर्याद उंदीर. हे टेबलवरच्या लोकांना आवडेल का हे गेमच्या आधी विचारून घ्या, मी आमच्या ग्रुपमध्ये काढून ठेवलाय.

आता २८ चं कारण, थ्रमिंग स्टोन. २००६ च्या कोल्डस्नॅपमधलं पाच मानाचं आर्टिफॅक्ट, ते असलं की प्रत्येक स्पेल कास्ट करताना डेकची वरची चार कार्डं उघडायची आणि त्यात त्याच नावाचं कार्ड असेल तर ते फुकट कास्ट, आणि त्या फुकटच्या कार्डालाही पुन्हा तेच. ९९ मध्ये २८ कॉलनी म्हणजे चार कार्डांत सरासरी एकापेक्षा थोडी जास्त निघते, त्यामुळे साखळी वाढत जाते. २० असतील तर सरासरी एकाच्या खाली जाते आणि साखळी दोन चार उड्यांत विझते. २५ ही काठावरची रेघ आहे, म्हणून मी तीन वर ठेवतो. नाव तेच लागतं म्हणूनच रिलेन्टलेस मिसळायचं नाही. पहिल्या उड्यांत नशीब साथ देत नाही असंही होतं, म्हणून स्टोन खाली असताना हातात दोन कॉलनी असतील तेव्हाच सुरुवात करा.

बाकीचे आठ उंदीर निवडताना मी खूप वेळ घालवलाय आणि इथे नेझुमी येतात. २००४ च्या कामिगावामधली ही उंदीरमाणसं, जपानीत नेझुमी म्हणजेच उंदीर, ताकेनुमाच्या दलदलीत राहतात, चोर, निन्जा, कबरी उकरणारे. ओकिबा-गँग शिनोबी आणि थ्रोट स्लिटर घ्या. निन्जुत्सू म्हणजे ब्लॉक न झालेला अटॅकर हातात परत घेऊन त्याच्या जागी निन्जा टाकायचा, आणि आपल्याकडे फिअरमुळे ब्लॉक न झालेले उंदीरच उंदीर. त्यात चिटरिंग रॅट्स परत घेतलं तर सोन्याहून पिवळं, कारण ते पुन्हा टाकलं की समोरच्याला हातातलं एक कार्ड डेकच्या वर ठेवावं लागतं, म्हणजे पुढच्या टर्नला तो नवीन काही उचलतच नाही. इंक-आइज समोरच्याच्या ग्रेव्हयार्डमधली (मेलेल्या आणि वापरलेल्या कार्डांच्या ढिगातली) क्रीचर तुमच्या बाजूला आणते, महाग आहे पण एक जागा तिचीच. टायफॉइड रॅट्स एका मानात डेथटच देतं (ज्या क्रीचरला लागेल ती मरते), सुरुवातीला कोणी अंगावर येत नाही. लॉर्ड स्किटर दर कॉम्बॅटला एक उंदीर देतो, मॅरो-नॉअरला रोजचा शिधा.

भीती कोणाची? त्याच नावाची सगळी कार्डं एकदम घेणाऱ्यांची. बाइल ब्लाइट, एकोइंग ट्रुथ, मेलस्ट्रॉम पल्स, डिटेन्शन स्फिअर, यातलं एकही कार्ड साध्या वाइपपेक्षा स्वस्तात सगळ्या कॉलनी उचलतं. त्यामुळे बोर्डवर चार पाच कॉलनी झाल्या की थांबा, दोन तीन हातात ठेवा, वर हिशोब दिलाय, चारमध्ये माणूस जातो. वाइप झालाच तर सीक्रेट सॅल्व्हेज, ग्रेव्हयार्डमधली एक कॉलनी एक्झाइल करून (गेमबाहेर काढून) डेकमधल्या उरलेल्या सगळ्या हातात. पेट्रिआर्क्स बिडिंगही जबरदस्त, फक्त त्यात प्रत्येक जण आपला टाइप निवडतो आणि सगळ्यांचेच परत येतात, समोर झॉम्बीवाला बसला असेल तर विचार करून टाका.

सुरुवातीच्या हातात तीन लँड, एक दोन कॉलनी आणि एक ड्रॉ हवा. पाच कॉलनी आणि दोन स्वॅम्प दिसले की मोह होतो, परत द्या. आधी चालवून बघायचं असेल तर मॅजिकच्या ऑनलाइन गेमवर, अरीनावर, रॅट कॉलनी कॉमन आहे आणि चार असल्या की हव्या तेवढ्या डेकमध्ये घालता येतात.

टोकनसाठी मी कवड्या वापरतो. चौदा अठ्ठावीस टोकनची कार्डं कोण सांभाळणार, आणि डाइसवर कुठला उंदीर टॅप आणि कुठला नवीन ते कळत नाही. कवडी उताणी म्हणजे टॅप, पालथी म्हणजे तयार, आणि त्या टर्नला आलेल्या वेगळ्या ढिगात. आजीच्या सारीपाटाच्या डब्यात सापडतात, नाहीतर पूजेच्या सामानाच्या दुकानात विचारा.