उणे दहात ड्रोन उडवताना टक्के बघू नका

कॅल्गरीत नव्याने आलेली आपली मंडळी पहिल्याच हिवाळ्यात हमखास विचारतात, "बॅटरी ६० टक्के दाखवत होती, मग ड्रोन आपोआप खाली का उतरायला लागला?" गावाकडची थंडीतली खोबरेल तेलाची बाटली आठवा. बाटली भरलेली असते, पण उपडी केली तरी थेंब पडत नाही. गारठलेल्या लिथियम बॅटरीचं तेच होतं. आत वीज असते, पण अंतर्गत रोध वाढल्यामुळे ती झटकन बाहेर येत नाही. तुम्ही रिमोटची स्टिक पूर्ण वर ढकलली की मोटरी एकदम जास्त करंट मागतात, व्होल्टेज धाडकन पडतं आणि ड्रोन जीव वाचवायला जमीन शोधू लागतो. म्हणून हिवाळ्यात बॅटरीचं तापमान आणि सेलचं (बॅटरीच्या आतल्या एकेका घटाचं) व्होल्टेज बघायचं. ॲपमध्ये बॅटरीच्या माहितीत हे दोन्ही आकडे असतात, फक्त तिथे सहसा कुणी जात नाही.

आधी जागेचं बघू. बॅन्फ आणि जॅस्पर विसरा. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही आणि दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आपले बहुतेक लोक जातात ते अब्राहम लेकला. तो बॅन्फच्या बाहेर, हायवे ११ वर आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या बिगहॉर्न धरणाचा हा जलाशय, बर्फात अडकलेल्या मिथेनच्या बुडबुड्यांसाठी प्रसिद्ध. धरणामुळे पाण्याची पातळी हिवाळाभर वरखाली होते, त्यामुळे बर्फाखाली कुठे पोकळी असेल सांगता येत नाही. ड्रोन हातात आहे तर काठावरूनच उडवा की! २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन असेल तर नोंदणी आणि पायलट सर्टिफिकेट लागत नाही. त्यावर गेलात तर दोन्ही लागतं आणि उंचीची मर्यादा १२२ मीटर.

दिवस निवडणं हे इथलं खरं दुखणं. चिनूक वारा सुटला की तापमान छान वर येतं, पण त्या वाऱ्यात छोटा ड्रोन टिकत नाही. वारा पडला की थंडी उणे २० कडे सरकते. डीजेआय कंपनीच्या मिनी ४ प्रो या छोट्या ड्रोनचं उदाहरण घ्या: कंपनीने सांगितलेली मर्यादा उणे १० अंश आणि वारा सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटर. या दोन्ही आकड्यांच्या आत बसणारा दिवसच मी धरते. नाहीतर कॅमेरा ट्रायपॉडवर लावते आणि गप्प बसते. हवामानाच्या ॲपवरचा 'विंड चिल' मात्र आपल्या बोटांसाठी असतो. बॅटरी हवेच्या खऱ्या तापमानाखाली जात नाही, वाऱ्याने फक्त लवकर गार होते. कोरडी उणे ८ परवडली, पण शून्याच्या आसपासचं धुकं नको. पात्यांच्या पुढच्या कडेवर बर्फाचा खरखरीत थर धरतो, उचल कमी होते आणि मोटरी नुसत्या घरघरतात.

बॅटऱ्या घरीच पूर्ण चार्ज करा आणि जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. डिकीत टाकू नका. हँड वॉर्मर वापरायचा तर मध्ये मोजा ठेवा, थेट बॅटरीला चिकटवू नका. ड्रोन, रिमोट सगळं तयार झालं की बॅटरी शेवटी घाला.

टेकऑफसाठी मी गाडीतलं काळं रबरी मॅट अंथरते आणि कोपऱ्यांवर दगड ठेवते. भुसभुशीत बर्फावरून उडवलं तर पात्यांच्या वाऱ्याने तोच बर्फ मोटरीत आणि गिंबलमध्ये (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागात) शिरतो. शिवाय पांढऱ्याशुभ्र जमिनीवर किंवा चकाकत्या बर्फावर ड्रोनच्या पोटाखालच्या सेन्सरला धरायला खूण सापडत नाही. काळा चौकोन सापडतो.

आता घाई नको. दोन मीटरवर एखाद-दोन मिनिटं तरंगत ठेवा. वीज वाहू लागली की बॅटरी आतून तापते. स्क्रीनवर बॅटरीच्या तापमानाचा आकडा १४, १६, १८ असा चढताना दिसेल. २० दिसल्याशिवाय मी वर नेत नाही. मग स्टिक हळूच. सरळ उंच झेप नाही, स्पोर्ट मोड (सगळ्यात वेगवान मोड) तर नाहीच. आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे परतताना वारा पाठीशी असेल. सेलचं व्होल्टेज ३.५ व्होल्टच्या खाली घुटमळायला लागलं की टक्के काहीही म्हणोत, मागे फिरा. एरवीही ४०-५० टक्क्यांना माघारी वळायचं ठरवूनच टाका.

फोन हा दुसरा दगाबाज. ॲपलने आयफोनसाठी शून्य अंशाची मर्यादा दिली आहे. त्याखाली तो भरल्या बॅटरीवरही बंद पडू शकतो. स्क्रीनवाला रिमोट असेल तर तोच आणा. हातात आत पातळ मोजे, वर जाड. स्टिक धरताना फक्त वरचे काढा.

कॅमेऱ्याचं एक्सपोजर ०.७ ते १ स्टॉप (उजेडाची पायरी) वाढवा, नाहीतर फोटोत बर्फ राखाडी येतो.

परत गाडीत बसण्याआधी, बाहेरच्या कोरड्या हवेतच, बॅटरी आणि मेमरी कार्ड काढून घ्या आणि ड्रोन झिप-लॉक पिशवीत बंद करा. उबदार हवेतलं पाणी मग पिशवीवर जमतं, लेन्सच्या आत नाही. घरी पोचल्यावर दोन तास तरी पिशवी उघडू नका. कार्ड आधी काढायचं ते यासाठीच; फोटो बघायला सगळ्यांचे हात शिवशिवत असतात. चार्जिंगही बॅटरी खोलीच्या तापमानाला आल्यावरच. ५ अंशांच्या खाली चार्ज करू नये असं डीजेआय सांगते, आणि गोठलेल्या सेलमध्ये वीज ढकलली की आत धातूरूप लिथियमचा थर बसून बॅटरी कायमची खराब होते.